साडेसहाशे शब्द

सर म्हणाले, संघर्ष लिही.
कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस,
खाली केकचं दुकान,
त्यामुळे संघर्ष म्हटलं की मला अजून व्हॅनिलाचा वास येतो.
अमेरिकेतली चार कॉलेजं, एकच निबंध,
साडेसहाशे शब्द, वर एकही नाही,
आणि तू कोण आहेस ते त्यात आलं पाहिजे.

शाल्मली पोपट गांगुर्डे, बारावी सायन्स,
जेल रोड, नाशिक रोड.
वडिलांचं नाव टाइप करताना सरांनी ओठ दाबले.
हसले नाहीत. तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलंय.

काही अडचणी? त्यांनी विचारलं,
आजारपण, घरात कोणाची दारू वगैरे?
नाही म्हणताना ओशाळल्यासारखं झालं,
पाहुण्यांसमोर डबा उघडावा
आणि तळाशी शंकरपाळ्यांचा नुसता चुरा निघावा, तसं.
माझ्या आधीच्या मुलाचा हात मोडला होता
राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी.
नशीबवान.

पहिल्या मसुद्यात मी गोदाघाटावर कचरा वेचला.
एकदाच वेचला होता. फोटो आहेत.
दुसऱ्यात आत्याचा मधुमेह जरासा वाढवला.
आत्याला कळलं असतं तर आधी विचारलं असतं,
माझं नाव नीट लिहिलंयस ना?

इंग्रजीतला मी मोठा विचित्र.
वाक्यात कुठेही येवो, उभाच, कॅपिटल,
बिटको चौकातल्या खांबासारखा.
आपला मी दिसेलच असं नाही;
गेले, जेवले, रडले,
क्रियापदाचं शेपूट धरून निमूट मागे चालतो.
सरांनी लाल पेनाने विचारलं,
यात तू कुठेयस?

शेवटी पप्पांवर लिहायला घेतलं.
ते प्रेसमध्ये आहेत. तिथे पासपोर्ट छापतात
हे सगळ्या नाशिक रोडला माहीत असतं.
त्यापुढचं नसतं.
पप्पा, तुम्ही नेमकं काय करता?
"तपासणी."
कशाची?
"कागदाची."
तेवीस वर्षं गेटवर झडती देऊन येतो माणूस,
खिसे रिकामे, तोंडही.
दोन शब्दांवर निबंध होत नाही.

पण कुठलाही कागद हातात आला की उजेडाला धरतात.
लाइटबिल, लग्नपत्रिका, किराण्याची पावती,
माझं दहावीचं मार्कशीट.
आई म्हणते, स्थळ म्हणून आले
तेव्हा माझी पत्रिकासुद्धा ट्यूबलाइटखाली धरली,
माझे वडील घाबरले, म्हणाले, मंगळ दिसतो की काय.

हे लिहिलं. सहाशे बारा झाले.
सर म्हणाले, गोड आहे, पण संघर्ष कुठाय?
निदान तू काय शिकलीस ते तरी टाक शेवटी.
मी टाकलं नाही.
म्हणजे टाकलं, रात्री काढलं, पहाटे परत टाकलं.

काल प्रिंट टेबलावर होती.
डिसेंबर, खिडक्या घट्ट लावलेल्या,
तरी गारठा फरशीतून वर येत होता.
पप्पा दुसऱ्या पाळीहून आले,
स्वेटर न काढताच पान उचललं, दिव्याला धरलं.
इंग्रजी येतं त्यांना, सावकाश,
पण तेव्हा ते वाचत नव्हते.
पान उलटवून मागून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला.
"इथे शाई पसरलीये जरा."
शेवटचा परिच्छेद होता तो.
मी काही बोलले नाही.

मग मोजे काढता काढता
पोरीला काय विचारावं ते न सुचून विचारावं तसं
त्यांनी विचारलं,
"पासपोर्टला किती दिवस लागतात गं?"

मला माहीत नव्हतं.
आमच्याकडे कुणीच कधी काढला नव्हता.